मनाली ते लेह सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जून जवळ आला की तेच तेच प्रश्न यायला लागतात. काहींची तारीख ठरलेली असते, तिकिटं काढलेली असतात, आणि प्रश्न असतो "पॅडवाली शॉर्ट कुठली घेऊ". त्याचं उत्तरही खाली आहे, पण आधीचे दोन-तीन प्रश्न नीट वाचा, कारण ही राइड पूर्ण होणार की अर्ध्यात गाडीत बसून परत यावं लागणार हे शॉर्टवर ठरत नाही, पायांवरही फारसं ठरत नाही. तुम्ही रात्री कुठल्या उंचीवर झोपताय यावर ठरतं.

रूट नेमका कसा आहे? किती किलोमीटर, किती पास?

रोहतांगवरून गेलात तर मनाली ते लेह साधारण पावणेपाचशे किलोमीटर. मनाली, मढी, रोहतांग, कोकसर, सिस्सू, तांदी, केलाँग, जिस्पा, दारचा, पत्सेव, झिंगझिंगबार, बारालाचा ला, भरतपूर, सरचू, गाटा लूप्स, नकी ला, लाचुलुंग ला, पांग, मोरे प्लेन्स, तांगलांग ला, रुम्त्से, उपशी, कारू, लेह. ही नावं पाठ करून टाका खरंच, कारण तिथे सगळे याच नावांनी बोलतात, "पांगच्या आधी रस्ता तुटलाय" असं कोणी सांगितलं तर नकाशा न काढता कळायला हवं.

पास म्हणजे खिंड, तिकडच्या भाषेत 'ला'. असे पास पाच. रोहतांग ३,९७८ मीटर, बारालाचा ४,८९० च्या आसपास, नकी ला ४,७०० च्या वर, लाचुलुंग ५,०६० च्या आसपास आणि तांगलांग ला ५,३२८. एक तुलना करून बघा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. मनाली गावच २,००० मीटरच्या वर आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं त्याच्याही वरून तुम्ही पहिलं पेडल मारणार आहात.

अटल टनेल झालाय, मग रोहतांग कशाला चढायचा?

९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि लेहला जाणाऱ्या बहुतेक गाड्या, ट्रक तिकडून जायला लागल्या. सायकलवाल्यांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली, रोहतांगचा घाट मोकळा झाला. सकाळी उशिरा टुरिस्टच्या गाड्या येतात वरपर्यंत, पण तुम्ही लवकर निघालात तर रस्ता जवळजवळ तुमचाच. आणि नुसत्या मजेसाठी नाही सांगत, रोहतांग चढून पलीकडे कोकसर-सिस्सूला ३,१०० च्या आसपास उतरून झोपणं ही शरीराची पहिली उत्तम तयारी आहे. दिवसा चार हजाराला हात लावून रात्री खाली झोपायचं, याच्यापेक्षा चांगलं काय. म्हणून माझं स्पष्ट मत, रोहतांग सोडू नका.

किती दिवस लागतात? ऑफिसमधून आठच दिवस सुट्टी मिळतेय.

आठ दिवसांत लोक करतात, सहा दिवसांतही करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे पुढचे फोटो सरचूनंतर टेम्पोतले असतात. मी म्हणेन सायकलवरचे दहा-अकरा दिवस, अधिक मनालीत एक-दोन दिवस आधी, अधिक शेवटी एखादा दिवस हातचा. सुट्टी एवढी नसेल तर या वर्षी हिमाचलमध्येच स्पिती किंवा जलोडी पास करा, लेह पुढच्या वर्षी. मला माहितीये हे ऐकायला आवडत नाही.

का ते सांगते. डोंगरातल्या डॉक्टरांचा साधा नियम आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. आता रूटवर हे लावून बघा. केलाँग ३,१०० च्या आसपास. जिस्पा ३,२००. इथपर्यंत सगळं छान. पुढे नेहमीच्या प्लॅनमध्ये लोक जिस्पाहून थेट झिंगझिंगबार गाठतात, ते ४,२७०. एका दिवसात हजार मीटर. दुसऱ्या दिवशी बारालाचा ओलांडून सरचू ४,२९०, मग पांग ४,६००. डोकेदुखी, उलट्या, रात्रभर झोप नाही, हे सगळं इथे सुरू होतं आणि लोक म्हणतात काल जेवण बाधलं वाटतं.

हा नियम या रूटवर शंभर टक्के पाळता येत नाही कारण हवं तिथे मुक्कामाची जागा नाही, पण बऱ्यापैकी जवळ जाता येतं. जिस्पाला एक पूर्ण दिवस थांबा, सायकलवर दारचाच्या पुढे थोडं चढून परत या. मग पत्सेवला मुक्काम, ते ३,८०० च्या आसपास, जिस्पापासून वीस-बावीस किलोमीटर असेल, एवढ्यात थांबायचं जिवावर येतं, दुपारी बारा वाजताच दिवस संपतो. थांबा. मग झिंगझिंगबार. हे दोन जादाचे दिवस अख्ख्या ट्रिपचे सगळ्यात कामाचे दिवस आहेत.

माझा आवडता प्लॅन असा: मढी, मग रोहतांग ओलांडून सिस्सू, केलाँग, जिस्पा, जिस्पाला आराम, पत्सेव, झिंगझिंगबार, सरचू, पांग, तांगलांग ओलांडून रुम्त्से, लेह. पांग ते रुम्त्से शंभर किलोमीटरच्या आसपास होतं, मोठा दिवस आहे, जमणार नसेल तर मोरे प्लेन्सच्या टोकाला देब्रिंगला तंबू असतात, तिथे थांबा.

हाय अल्टिट्यूडचा त्रास होतोय हे ओळखायचं कसं? आणि झाला तर काय?

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच असतं, २१ टक्क्यांच्या आसपास. कमी होतो तो हवेचा दाब. तांगलांगवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन आत जातो. शरीर याच्याशी जुळवून घेतं पण त्याला दिवस लागतात. तुम्ही मॅरेथॉन पळता की जिममध्ये दीडशे किलो उचलता याच्याशी त्याचा संबंध नाही, उलट दणकट मंडळी भराभर वर जातात म्हणून जास्त अडकतात.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, चक्कर, प्रमाणाबाहेर थकवा. उंचीवर डोकं दुखतंय आणि बाकी यातलं एखादं आहे तर तो अल्टिट्यूडचा त्रासच आहे असं धरून चाला, ऊन लागलं असेल, पाणी कमी पडलं असेल अशी कारणं शोधू नका. सौम्य असेल तर आहे तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही. चोवीस तासात बरं वाटलं तर पुढे. वाढलं तर खाली.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या. एक, बसल्या जागी दम लागतोय, खोकला थांबत नाही, छातीत घुरघुर होतेय, हे फुफ्फुसात पाणी होण्याचं लक्षण. दुसरं, माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या जातायत, हे मेंदूला सूज. याची सोपी परीक्षा म्हणजे जमिनीवर सरळ रेषेत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला लावा. तोल जात असेल तर रात्र असो पाऊस असो, गाडी करून खाली. सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. छोट्या ऑक्सिजनच्या बाटल्या विकत मिळतात त्या काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबू नका.

आणि आता मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. "त्रास झाला तर खाली उतरू" हे बोलायला सोपं आहे, पण सरचूच्या पुढे खाली हा प्रकारच नाहीये. नकाशा बघा. पांग ४,६०० ला आहे. मागे जायचं तर लाचुलुंग, नकी चढा. पुढे जायचं तर तांगलांग, ५,३२८. दोन्हीकडे आधी वर जावं लागतं, मग खाली. सरचूलाही मागे बारालाचा, पुढे गाटा लूप्स. म्हणजे तुम्ही एका मोठ्या कढईच्या तळाशी बसल्यासारखे असता. म्हणून निर्णय घ्यायची जागा झिंगझिंगबार. तिथून मागे जिस्पापर्यंत सगळा उतार आहे, सायकलवरही दोनेक तासात हजार मीटर खाली येता. झिंगझिंगबारला सकाळी उठल्यावर डोकं दुखत असेल, चहा नको वाटत असेल, तर त्या दिवशी बारालाचा नाही. ग्रुप निघून गेला तरी नाही. हा नियम घरून ठरवून निघा आणि ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर बोलून ठेवा, कारण वर गेल्यावर दुखतंय हे कोणी कबूल करत नाही.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का?

ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. साधारणपणे त्रास होऊ नये म्हणून १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून, असा डोस देतात. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोड्याचं पेय बेचव लागतं, घाबरू नका. घरी दोन दिवस घेऊन बघा म्हणजे काय होतं ते कळेल. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण गोळी घेतली म्हणून दोन दिवस वाचवले असं करू नका.

झोपेच्या गोळ्या आणि दारू, वर असेपर्यंत दोन्ही बंद. वर झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, हे बहुतेकांना होतं.

ऑक्सिमीटर न्यावा का?

न्या, पण त्याच्या आकड्यावर दिवस ठरवू नका. साडेचार हजारावर ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसालाही दिसतो. बोटं गार असली की काहीही दाखवतो. भूक लागतेय का, डोकं दुखतंय का, हसत बोलताय का, ते बघा.

तयारी किती महिने? सपाटीवर शंभर किलोमीटर आरामात होतात.

सपाटीवरचे शंभर आणि इथले पन्नास यांचा हिशोब वेगळा. चार महिने धरा. आपल्याकडचे सह्याद्रीतले घाट आखूड आणि खडे असतात, आठ-दहा किलोमीटरमध्ये दम काढतात आणि संपतात. हिमालयातला रस्ता त्या मानाने सौम्य. मनाली ते रोहतांग पन्नास किलोमीटरच्या आसपास आणि चढ १,९०० मीटरचा, म्हणजे सरासरी चार टक्के. कठीण काय तर तो संपत नाही. सहा-सात तास एकाच लयीत, श्वास न फुलवता, बसून पेडल मारता येणं ही खरी तयारी.

त्यासाठी एकच घाट तीन-चार वेळा वर-खाली करा, आणि तोही मुद्दाम हळू. शनिवारी लांब, रविवारी परत लांब, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी सीटवर बसायची सवय लागायला हवी, एकाच दिवशी दोनशे किलोमीटर मारून ती लागत नाही. सामान घेऊन जाणार असाल तर शेवटचा दीड महिना तेवढंच वजन लादून चालवा. पाठ आणि मान यांचे व्यायाम करा, पाय टिकतात पण आठव्या दिवशी मान राहत नाही. पॅडवाली शॉर्ट दोन-तीन न्या, कुठलीही चालेल पण नवीकोरी नको, निदान दोनेकशे किलोमीटर घालून झालेली हवी. पॅडला लावायचं क्रीम विसरू नका.

कुठली सायकल? माझी हायब्रिड चालेल का?

चालेल, गिअर आणि टायर ठीक असतील तर. रस्ता आता बराचसा डांबरी आहे, मोरे प्लेन्सवर तर सुंदर आहे, पण मध्ये मध्ये दगड, चिखल, नाले असतातच आणि कुठे असतील ते दरवर्षी बदलतं. दोन इंची टायर, डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, सगळ्यात बिनधास्त. महाग फ्रेम नसली तरी चालतं.

गिअरचा हिशोब मात्र कराच. एकोणतीस इंची चाक एका फेरीत साधारण २.३ मीटर जातं. पुढच्या चक्राला ३२ दात, मागच्याला ३२, मिनिटाला साठ पेडल मारले तर वेग होतो आठ किलोमीटरच्या वर. तांगलांगच्या शेवटच्या टप्प्यात आठचा वेग ठेवणं आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नसतं, तिथे चार-पाचने चढतो माणूस. पुढे २२ आणि मागे ३६ असेल तर त्याच साठ पेडलला वेग पाचवर येतो, म्हणजे हळू जाऊनही पाय गोल फिरत राहतात, गुडघ्यावर जोर येत नाही. मागची मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच, लावून घ्यायला फार खर्च येत नाही. दुकानदार म्हणेल एवढ्या हलक्या गिअरची गरज नाही, तुम्ही लावून घ्या.

सुटे भाग काय काय न्यायचे?

केलाँग सोडलं की लेहपर्यंत सायकलचं दुकान नाही असंच धरा. तीन ट्यूब, पॅच, पंप, टायरला आतून लावायला रबराचा तुकडा, चेनची क्विक लिंक दोन, चेन तोडायचं टूल, तेल, थोड्या स्पोक तुमच्याच मापाच्या, केबल, झिप टाय, टेप. दोन गोष्टी लोक विसरतात. एक मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग ज्यावर लटकतो तो तुकडा, तो प्रत्येक सायकलला वेगळा असतो आणि वाकला की सायकल उभी. दुसरं ब्रेक पॅड, तुमच्या मॉडेलचेच दोन जोड. रोहतांगच्या उतारावर पाऊस-चिखलात पॅड इतके झिजतात की विश्वास बसत नाही. पंक्चर काढणं, पॅड बदलणं, चेन जोडणं हे घरी करून बघा, व्हिडिओ बघून येतं असं समजू नका.

कुठल्या महिन्यात जावं?

रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो, बारालाचावर किती बर्फ आहे त्यावर. जूनमध्ये दोन्ही बाजूला बर्फाच्या भिंती असतात, दिसायला अप्रतिम, पण बर्फ वितळून नाले भरलेले. जुलै-ऑगस्टमध्ये मनाली ते रोहतांग पाऊस, चिखल, दरडी, पलीकडे लाहौल-लडाखमध्ये पाऊस खूपच कमी. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर मधला काळ मला सगळ्यात आवडतो, आकाश निळंशार, नाल्यांना पाणी कमी, गाड्या कमी. सप्टेंबरच्या अखेरीस सरचूला रात्री पाणी गोठतं आणि तंबूवाले आवरायला लागतात, मग मुक्कामाचे वांधे.

सपोर्ट गाडी घेऊ की स्वतः सगळं सामान वाहू?

पहिल्यांदा जाताय आणि सोबत अनुभवी कोणी नाही तर गाडी घ्या. वर ती पांगची भानगड सांगितली ना, तिथे रात्री गाडी असणं आणि नसणं यात फार फरक आहे. ग्रुपमध्ये पैसे वाटून घेतले तर जड जात नाही. एखाद्या आयोजकाबरोबर जात असाल तर बुक करायच्या आधी तीन गोष्टी विचारा: मुक्काम कुठल्या उंचीवर आहेत, आरामाचे दिवस किती, आणि एखाद्याला रात्री खाली न्यावं लागलं तर कुठली गाडी आणि कोण सोबत जाणार. जिस्पाहून दुसऱ्या दिवशी सरचू असा प्लॅन असेल तर मी पैसे भरणार नाही.

एकट्याने सामान घेऊन जाणारेही खूप भेटतात आणि तो आनंद वेगळाच. सामान बारा-चौदा किलोच्या आत ठेवा, तंबू नाही नेला तरी चालतं कारण सीझनमध्ये ढाब्यावर झोपायची सोय असते, पण स्लीपिंग बॅग न्या.

जेवण-पाण्याचं काय? राहायचं कुठे?

केलाँग-जिस्पापर्यंत हॉटेलं, होमस्टे आहेत. पुढे पॅराशूटच्या कापडाचे गोल तंबू, आत कडेने गाद्या आणि जाड रजया, मध्ये स्टोव्ह. तोच ढाबा, तीच झोपायची जागा. राजमा-चावल, डाळ-भात, मॅगी, ऑम्लेट, कुठे थुक्पा. संध्याकाळी ढाबेवाली ताई सगळ्यांना आत सरकवून जागा करून देते आणि ट्रक ड्रायव्हर, सायकलवाले, बुलेटवाले एका रांगेत झोपतात. पहाटे निघताना पाण्याची बाटली रात्रभर रजईत घेऊन झोपला असाल तरच पाणी पाणी असतं.

वर भूक मरते आणि शरीराची शक्ती मात्र जास्त खर्च होते. म्हणून भूक लागायची वाट बघू नका, दर पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाका. शेंगदाणा चिक्की, खजूर, सुका मेवा, गुळपोळी घरून न्या, चौथ्या दिवसानंतर एनर्जी जेलकडे बघवत नाही, चिक्की मात्र जाते. पाणी दिवसाला चार-पाच लिटर, त्यात दोन वेळा ओआरएस. नाल्याचं पाणी गाळून किंवा गोळी टाकूनच. सरचू ते पांग मध्ये व्हिस्की नाल्याला तंबू असतात पण त्यावर अवलंबून न राहता तीन लिटर घेऊन निघा.

बायकांसाठी वेगळं काही?

टॉयलेट हा खरा प्रश्न आहे. ढाब्यांवर बरेचदा पत्र्याची किंवा दगडांची आडोशाची जागा असते, कधी तीही नसते. मोरे प्लेन्सवर तर मैलभर झुडूप नाही. सोबत एक पातळ ओढणी किंवा पंचा ठेवा आणि एकमेकींना आडोसा करा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं हे मात्र कृपया करू नका, वर त्याचे परिणाम वाईट होतात. उंचीवर पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते, तारीख नसली तरी सामान जवळ ठेवा, वापरलेलं सगळं पिशवीत घालून लेहपर्यंत आणा. ढाब्यावर कुटुंबासोबतच्या भागात जागा मागितली की देतात, मला या रस्त्यावर माणसांची भीती कधी वाटली नाही.

वय पन्नासच्या पुढे आहे. बीपी आहे. जमेल?

वयाने अडत नाही, पन्नाशी-साठीतले लोक या रस्त्यावर दरवर्षी दिसतात आणि घाई नसल्यामुळे बरेचदा तरुणांपेक्षा छान पोचतात. बीपी गोळीने ताब्यात असेल तर डॉक्टरांशी बोलून जाता येतं, पण हृदयाचा त्रास, फुफ्फुसाचा जुना आजार, गरोदरपण, आधी कधी फुफ्फुसात पाणी झालेलं असेल तर नीट तपासणी करून, आणि ते नाही म्हणाले तर नाही. स्ट्रेस टेस्ट करून घ्या. विमा काढताना पॉलिसीत किती उंचीपर्यंत कव्हर आहे आणि सायकलिंग बसतं का हे वाचा.

सगळ्यात अवघड दिवस कुठला?

सरचू ते पांग. पावणेऐंशी किलोमीटरच्या आसपास. सकाळी चोवीस-पंचवीस किलोमीटर त्सराप नदीच्या काठाने सोपं जातं आणि वाटतं आज काहीच नाही. मग गाटा लूप्स, एकवीस वळणं, चढ फार खडा नाही, प्रत्येक वळणाला नंबर लिहिलेला. ट्रकवाले पायवाटेसारखे शॉर्टकट दाखवतील, त्यात सायकल ढकलायला जाऊ नका. वळणांपाशी एक छोटंसं देऊळ आहे, पाण्याच्या बाटल्यांचा ढीग असतो, तिथे अडकून मेलेल्या क्लिनरसाठी लोक पाणी ठेवतात. तुम्हीही क्षणभर थांबा.

लूप्स संपले की लोकांना वाटतं झालं, पण अजून नकी ला बाकी असतो, मग व्हिस्की नाल्यापर्यंत उतरून पुन्हा लाचुलुंगचा चढ. जे चढलो ते घालवून परत चढायचं, हे मनाला फार लागतं. दुपारचा वारा तोंडावर. इथे एकच उपाय, पहाटे पाचला निघायचं आणि लाचुलुंगनंतरच्या उतारावर सांभाळून जायचं, रस्ता खराब असतो आणि थकलेले हात ब्रेक नीट दाबत नाहीत. उतारावर विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे आधीच घाला, माथ्यावर थांबून, थंडी वाजायला लागल्यावर नाही.

नाले कसे ओलांडायचे? ट्रकची भीती वाटते.

नाले सकाळी. रात्री बर्फ वितळत नाही म्हणून पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला मांडीपर्यंत येतं. बारालाचाच्या आसपास हे फार जाणवतं. सॅंडल घालून, सायकलवरून उतरून, अनवाणी कधीच नाही. गुडघ्याच्या वर जोरात पाणी असेल तर थांबा आणि ट्रकला हात करा, ते सायकल वर टाकून पलीकडे सोडतात.

ट्रकवाले या रस्त्यावरचे सगळ्यात समजूतदार लोक. चढावर त्यांना लय सोडता येत नाही, म्हणून आवाज आला की बाजूला थांबा, हात दाखवा. लष्कराचा ताफा आला की पूर्ण खाली उतरून उभे राहा. दरीच्या बाजूला न थांबता डोंगराच्या बाजूला थांबायचं. भडक रंगाचं जॅकेट आणि मागचा लाल दिवा दिवसाही.

नेटवर्क, पैसे, पेट्रोल?

पेट्रोल तुमच्या सपोर्ट गाडीसाठी. तांदीला पंप आहे आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असा तिथला बोर्ड सगळ्यांनी फोटोत बघितलाय. एटीएमचं शेवटचं भरवशाचं ठिकाण केलाँग, तिथून लेहपर्यंत रोख, शंभर-दोनशेच्या नोटा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. केलाँगनंतर काही दिवस फोन लागणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवा, तारखा कागदावर लिहून द्या, नाहीतर इकडे तुम्ही मजेत आणि तिकडे आईचा जीव टांगणीला.

लेहहून मनालीला उलटं केलं तर?

करता येतं, पण विमानाने थेट ३,५०० मीटरवर उतरता आणि रुम्त्से सोडलं की पहिलाच पास तांगलांग. लेहमध्ये किमान तीन दिवस काढल्याशिवाय निघू नका. मनालीकडून उंची टप्प्याटप्प्याने मिळते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकडूनच.

खारदुंग ला करायचा का?

लेहला पोचल्यावर एक दिवस झोपा, मग करा. एकोणचाळीस-चाळीस किलोमीटर सलग चढ, ३,५०० वरून ५,३५९ मीटर. वर वर्षानुवर्षं १८,३८० फुटांचा बोर्ड होता, मोजणीत ती उंची १७,५८२ फुटांच्या आसपास भरते. म्हणजे तुम्ही आलात तो तांगलांग ला त्याच्यापेक्षा जेमतेम तीस मीटरने बुटका. तेव्हा वेळ नसेल, हवा खराब असेल तर खारदुंग राहिला म्हणून ट्रिप अपुरी राहिली असं अजिबात वाटून घेऊ नका. दहा दिवस उंचीवर काढलेले असल्यामुळे त्रास सहसा होत नाही, मात्र गाडीतून वर जाऊन सायकलने फक्त उतरायचं पॅकेज घेताना ब्रेक स्वतः तपासा. साउथ पुल्लूच्या चेकपोस्टला ओळखपत्र लागतं.

सायकल न्यायची-आणायची कशी?

जाताना दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे मनालीची व्होल्वो, डिकीत सायकल बसते, पुढचं चाक काढून. बसवाल्याशी आधी बोलून घ्या आणि डिरेलर वरच्या बाजूला येईल अशी ठेवा. येताना लेहहून विमान. लेहच्या सायकलच्या दुकानांतून पुठ्ठ्याचा खोका मिळतो, पेडल, हँडल, पुढचं चाक काढायचं, डिरेलर सुटा करून कापडात गुंडाळायचा, टायरमधली हवा कमी करायची. पॉवर बँक केबिन बॅगेत, टायर फुगवायची सीओटू गॅसची काडतुसं न्यायचीच नाहीत. विमानं सकाळी असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, त्यामुळे परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिसची मीटिंग ठेवू नका. खोक्यावर नाव आणि फोन नंबर दोन बाजूंनी मोठ्या अक्षरात लिहा, आणि पेडल सोडवायचा पाना लेहला पोचेपर्यंत सामानात वरच ठेवा.